मुरलेल्या रॉक बँडचा अल्बम कसा ऐकावा: मुंबईतल्या नवख्यांसाठी

रॉक ऐकायला नुकती सुरुवात केलेल्या माणसाला कुणीतरी मोठ्या उत्साहाने एखाद्या जुन्या बँडचा अलीकडचा अल्बम ऐकायला देतं. शांत, विचारी, परिपक्व वगैरे म्हणून नावाजलेला. आणि तिथेच घोटाळा होतो. तीन गाणी होतात तरी गिटार काही कडाडत नाही, गायक पुटपुटल्यासारखा गातोय, ड्रम्स कुठेतरी लांब मागे आहेत. ऐकणारा मनात म्हणतो, "दमले वाटतं आता," आणि जुन्या हिट गाण्यांकडे वळतो. यात त्याचा दोष नाही. असे अल्बम नवख्यांसाठी केलेलेच नसतात. त्या बँडसोबत ज्यांनी पंधरा-वीस वर्षं काढली, त्यांचे कान गृहीत धरून ते रचलेले असतात.

अशा अल्बममध्ये काय वाजतंय याच्या इतकंच काय वाजवायचं टाळलंय हे ऐकायचं असतं. आणि आधी काय वाजायचं हे माहीत नसेल तर ते टाळणं ऐकूच येत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: बँड एकच घ्या

'हे शंभर अल्बम ऐकलेच पाहिजेत' छापाच्या याद्या ढिगाने मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. एक बँड घ्या. निवडताना दोनच गोष्टी बघा. पहिल्या अल्बमपासून या उशिराच्या अल्बमपर्यंत किमान पंधरा वर्षं गेलेली असावीत, आणि मुख्य माणसं तीच असावीत. माणसं बदलली की फरक वयाचा की नव्या भिडूंचा, हे कळेनासं होतं.

सगळ्यात सोपी वाट हवी असेल तर पिंक फ्लॉइडचा १९९४चा 'द डिव्हिजन बेल'. पहिला अल्बम १९६७चा, म्हणजे मध्ये सत्तावीस वर्षं. माणसामाणसांतलं बोलणं कसं तुटतं हा त्याचा विषय. एका गाण्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा यंत्रातून येणारा आवाजही आहे. चाली पहिल्याच फेरीत कानात बसतात. अडचण अशी की बँडची बहुतेक गाणी लिहिणारे रॉजर वॉटर्स १९८५मध्येच बाहेर पडलेले, त्यामुळे हा खरा पिंक फ्लॉइड की नाही यावर मुंबईतल्या कॉलेज कट्ट्यांवर आजही भांडणं होतात. नवख्याने त्या भांडणात पडू नये. तिथून आजवर कुणी काही शिकून परतलेलं नाही.

दुसरी वाट घरची आहे. १९८४मध्ये याच शहरात रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. बाकीचे बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या नकला करत असताना हे स्वतःची गाणी घेऊन उतरले. १९८८ला पहिला अल्बम, 'रॉक अँड रोल रेनेगेड'. १९९३मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं, 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर गाजला, १९९५मध्ये नव्या नावाचाच अल्बम आला आणि १९९७मध्ये बँड मोडला. २०१०मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २०१२मध्ये आठ गाण्यांचा 'इव्हॉल्व्ह' काढला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने, बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे तरुण. म्हणजे माझी 'माणसं तीच' ही अट इथे अर्धीच पाळली जाते. पण मधल्या सतरा वर्षांचं अंतर इतकं ठळक ऐकू येतं की ही सूट द्यायला माझी हरकत नाही.

तिसरी वाट रेडिओहेड. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एका शाळेत १९८५मध्ये जमलेली पाच मुलं, पहिला अल्बम १९९३चा, आणि २०१६मध्ये 'अ मून शेप्ड पूल' हा नववा अल्बम येईपर्यंत पाचातला एकही बदललेला नाही. निर्माता नायजेल गॉडरिच हाही मधली बरीच वर्षं तोच. पुढची बहुतेक उदाहरणं मी यातली देणार आहे, कारण हा सगळा प्रकार इथे सर्वांत उघडपणे कळतो. ऐकायला मात्र हा तिघांत अवघड.

पायरी २: आधी तरुणपणचा एक अल्बम कानात मुरवा

सगळे मागचे अल्बम क्रमाने ऐकत बसायची गरज नाही. तसं केलंत तर चौथ्यापाशी कंटाळाल. एकच घ्या, आणि तो शक्यतो अगदी पहिला नको. पहिल्या अल्बममध्ये बँड बहुधा दुसऱ्या कुणासारखं तरी वाजत असतो. रेडिओहेडसाठी १९९५चा 'द बेंड्स' घ्या. तीन गिटार, चढत जाणारा आवाज, गाणं तिसऱ्या मिनिटाला फुटणार याची खात्री. इंडस क्रीडसाठी १९९५चा अल्बम, आणि रॉक मशीनच्या काळातलं जे काही हाताला लागेल ते.

हा अल्बम आठवडाभर कसाही ऐका. भांडी घासताना, बसच्या रांगेत, ट्रेनमध्ये लटकताना. तरुणपणीचं रॉक गोंगाटात टिकेल असंच बनवलेलं असतं. फक्त तीन गोष्टी टिपून ठेवा, अगदी लाइट बिलाच्या मागे खरडल्या तरी चालेल. गायकाचा आवाज सगळ्यात वर कुठे जातो? ड्रम्स गाणं सुरू झाल्यापासून किती वेळात येतात? आणि गायक गप्प बसला की ती जागा कोण भरतं? या तीन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ झाली की दुसरी पायरी संपली. संगीताचं शास्त्र येत नसलं तरी बिघडत नाही.

पायरी ३: फोनला शिस्त लावा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण न केल्यामुळे जितके अल्बम वाया गेलेत तितके कुठल्या वाईट समीक्षेमुळे गेले नसतील.

शफल बंद. फुकट खात्यात ॲप क्रमाने वाजवू देत नसेल किंवा मध्ये जाहिराती घुसत असतील तर एक महिन्याचे पैसे भरा, नाहीतर कुणाकडे सीडी पडून असेल ती आणा. अंतर्मुख झालेल्या गाण्याच्या शेवटच्या सुरावर कर्जाची जाहिरात आदळली की पुढचं गाणं मेलंच. क्रॉसफेड बंद. हे सेटिंग एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात घालतं, आणि अशा अल्बममध्ये बरंचसं सांगणं त्या शेपटीतच असतं. ऑटोप्लेही बंद, नाहीतर शेवटचं गाणं संपून तुम्ही अजून त्यातच असताना ॲप स्वतःच्या मनाने भलतंच काहीतरी सुरू करतं. इक्वलायझर आणि बास वाढवणारी बटणं सपाट करा.

एक सेटिंग मात्र चालू ठेवा: सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारं. आपल्या कानाला जे मोठं वाजतं ते चांगलं वाटतं, ही कानाची जुनी खोड आहे. १९९५ आणि २०१६ची रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवताना ही खोड आड येऊ द्यायची नाही.

इअरफोन महाग लागत नाहीत. साधे, वायरचे, कानात नीट बसणारे पुरतात. फोनला जॅक नसेल तर लॅमिंग्टन रोडला टाइप-सीचा कन्व्हर्टर मिळतो. दुकानातच लावून बघा, दोन्ही कानांत येतंय ना याची खात्री करा, मगच पैसे द्या.

पायरी ४: मुंबईत जागा शोधा

ही खरी कसोटी. चर्चगेट-बोरिवली फास्ट पकडली की साधारण एक अल्बम होतो, त्यामुळे अल्बम लोकलमध्येच ऐकायचा असा बहुतेकांचा हिशोब. रोजच्या ऐकण्याला तो ठीक आहे, या अल्बमला नाही. ट्रेनची घरघर खालच्या सुरांची असते आणि ती नेमका बास आणि ड्रम्सचा हळू भाग गिळते. त्यावर आवाज वाढवला तर कानांवर ताण येतो, आणि हलक्या जागा तरीही हलक्या राहत नाहीत. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन ही घरघर बऱ्यापैकी कमी करतात, पण शेजारच्याचं फोनवरचं बोलणं फारसं नाही. एसी लोकलमध्ये जरा बरं. पहिली फेरी तरी ट्रेनमध्ये नको.

घरी म्हणाल तर वन रूम किचनमध्ये चार माणसं, टीव्ही, कुकर आणि खालून भंगारवाल्याची हाक. माझ्या अनुभवात दोनच वेळा हाताला लागतात: रविवारी जेवणानंतर घर आडवं झालेलं असतं तो तास, किंवा रात्री साडेअकरानंतर. पंखा एकवर आणा, कारण पंख्याचा वारा इअरफोनच्या वायरीवरही आवाज करतो. खिडकीवर पत्र्याची शेड असेल तर जुलैत नाद सोडा. गणपती आणि नवरात्र या दिवसांत तर प्रयत्नही करू नका. तेव्हा शहर स्वतःच वाजत असतं आणि त्याच्यापुढे कुठल्याही बँडचं चालत नाही.

मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, बँडस्टँड या जागा फोटोत छान दिसतात. पण तिथे वारा आणि गाड्या दोन्ही आहेत. त्यापेक्षा बिल्डिंगची गच्ची, सेक्रेटरीशी संबंध बरे असतील तर.

पायरी ५: पहिली फेरी, एका बैठकीत

'अ मून शेप्ड पूल' सुमारे बावन्न मिनिटांचा आहे, गाणी अकरा. शब्द उघडून बसू नका, समीक्षा वाचू नका, फोन उपडा ठेवा. आवडतंय की नाही हे ठरवायचं नाही. नुसतं संपवायचं.

या फेरीत हटकून अडखळायला होतं ती जागा आधीच सांगून ठेवतो. दुसरं गाणं, 'डेड्रीमिंग'. सुरुवातीलाच सूर डगमगतो, कॅसेट अडकल्यासारखा, कारण टेपचा वेग मुद्दाम खेचलेला आहे. शेवटी तर आवाज उलटा आणि मंद करून टाकलाय, त्याखाली चेलो, म्हणजे मोठ्या आकाराची व्हायोलिनं, घोरल्यासारखे गुरगुरतात. डोंबिवलीच्या माझ्या भाच्याला पहिल्यांदा हे ऐकवलं तेव्हा त्याने एक इअरफोन काढून विचारलं, "मामा, ब्लूटूथ गेलं का?" म्हटलं, वायर आहे रे, ऐक गपचूप. अशी जागा आली की थांबवू नका. मागेही जाऊ नका. बँडने पंचवीस वर्षांत चांगलं रेकॉर्डिंग कसं करतात हे शिकून घेतलेलं असतं, तेव्हा बिघडल्यासारखं जे वाजतं ते त्यांनी ठेवलंय म्हणून वाजतं.

पहिल्या फेरीत झोप लागली तरी चालेल. खरंच. दुसऱ्या दिवशी जिथे झोप लागली तिथून पुढे ऐका.

पायरी ६: दुसरी फेरी, टिपणाचा कागद काढून

आता ते लाइट बिल काढा. तेच तीन प्रश्न, नवा अल्बम.

आवाज सगळ्यात वर कुठे जातो? वय वाढलं की स्वरतंतू पूर्वीइतके लवचिक राहत नाहीत, वरचे सूर मेहनतीचे होतात. बरेच जुने बँड मंचावर आपली गाणी अर्धा सूर खाली आणून गातात ते याचसाठी. रेकॉर्डिंगमध्ये मात्र शहाणा गायक वर जायचंच टाळतो आणि खालच्या पट्टीत, माइकच्या अगदी जवळ गातो. त्यामुळे श्वास ऐकू येतो, ओठांचा आवाज ऐकू येतो. मैफलीत उतारवयातल्या गवयाकडून तानांचा पाऊस कुणी मागत नाही, एका सुरावर तो किती वेळ आणि कसा थांबतो ते आपण बघतो. मराठी श्रोत्याला ही सवय आहेच, फक्त ती इथे वापरायची.

ड्रम्स कधी येतात? 'द बेंड्स'मध्ये ते ठोकून येतात. इथे काही गाण्यांत ते येईपर्यंत तुम्ही त्यांना विसरलेले असता, आणि काहींत येतच नाहीत. ड्रमर फिल सेल्वे तोच आहे. त्याला वाजवता येतं हे तुम्ही मागच्या आठवड्यात ऐकलंय, म्हणून त्याचं न वाजवणं तुम्हाला आता ऐकू येतं. हा अनुभव एकदा आला की पुढचं सगळं सोपं जातं.

गायक गप्प बसला की जागा कोण भरतं? पूर्वी गिटार. इथे बहुतेक वेळा तंतुवाद्यं आणि गायकवृंद. त्यांची रचना गिटारवादक जॉनी ग्रीनवूडची. हाच माणूस २०१५मध्ये जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात राजस्थानी वादकांबरोबर रेकॉर्डिंग करत होता, गॉडरिचही तिथे होता. म्हणजे गिटार खाली ठेवून दुसऱ्यांचं ऐकायची सवय त्याने लावून घेतलेली. पहिल्या 'बर्न द विच' गाण्यात व्हायोलिनवाले गजाऐवजी गिटार वाजवायच्या छोट्या चकतीने (पिकने) तारा छेडतात. तो टकटक ताल ऐका. ड्रम्सचं अर्धं काम तिथेच झालंय.

'इव्हॉल्व्ह'ला हेच तीन प्रश्न लावून बघा. उत्तरं वेगळी येतील. तिथे ऊर्जा कमी झालेली नाही. कीबोर्डला जास्त जागा आहे, गाणी लांब आहेत, आणि टाळ्यांसाठी केलेल्या जागा कमी आहेत. मला विचाराल तर या बँडच्या आधीच्या अल्बमपेक्षा हा मला जास्त ऐकावासा वाटतो, आणि त्याचं जितकं व्हायला हवं होतं तितकं या शहरानेच कौतुक केलं नाही.

पायरी ७: एक गाणं, दोन वयं

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि एवढी पायरी करा.

'अ मून शेप्ड पूल'चं शेवटचं गाणं 'ट्रू लव्ह वेट्स'. हे गाणं रेडिओहेडने पहिल्यांदा मंचावर गायलं ते १९९५मध्ये. मग ते स्टुडिओत जमेना. एकामागून एक अल्बम आले, हे प्रत्येकाच्या बाहेर राहिलं. २००१मध्ये एका छोट्या लाइव्ह संग्रहात ते आलं, नुसता गायक थॉम यॉर्क आणि एक साधी गिटार. आणि शेवटी स्टुडिओतलं रूप २०१६मध्ये. यॉर्कचा जन्म १९६८चा. पहिल्यांदा गायला तेव्हा तो सत्तावीसचा, अल्बम आला तेव्हा सत्तेचाळीसचा. शब्द जवळपास तेच.

आधी २००१चं लावा. गिटारचे झटके जोरात, एकसारखे, हात जणू गाण्याला पुढे ढकलतोय. समोर लोक आहेत, त्यांचा आवाज येतो. विनवणी आहे, 'जाऊ नकोस' एवढीच, पण ती करणाऱ्याच्या अंगात ताकद आहे. शेवटचा सूर तो लांबवतो आणि लोक ओरडतात.

मग दहा मिनिटं काहीही ऐकू नका. चहा ठेवा.

आता २०१६चं. गिटार नाही. पियानोचे विरळ, पुन्हा पुन्हा येणारे सूर. थोड्या वेळाने लक्षात येतं की पियानो एक नाही, एकावर एक थर आहेत आणि त्यांचा ताल एकमेकांशी जुळत नाही. कधी एक पुढे, कधी दुसरा मागे. ताल धरायला जावं तर हातातून निसटतो. आवाज पुढे येत नाही, पियानोच्याच पातळीवर राहतो. 'जाऊ नकोस' तेच आहे. फक्त समोर आता कुणी आहे असं वाटत नाही. शेवटचा सूर लांबवलेला नाही.

नवख्या माणसाला फक्त दुसरं ऐकवलं तर तो म्हणेल, बरं आहे, उदास आहे. दोन्ही ऐकवलीत तर तो बहुधा काहीच म्हणणार नाही.

या अल्बमबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. यातली बरीच गाणी जुनीच आहेत. 'बर्न द विच'वर २०००च्या आसपासपासून काम चाललेलं. 'प्रेझेंट टेन्स' यॉर्कने २००९मध्ये एकट्याने गायलेलं, 'आयडेंटिकिट' आणि 'फुल स्टॉप' २०१२च्या दौऱ्यात वाजलेली. तेव्हा उशिराचा अल्बम म्हणजे नवं काहीतरी सुचलं असं दरवेळी नसतं. पुष्कळदा जुनं सुचलेलं आता कुठे झेपायला लागलं, असं असतं. आणि गंमत बघा, इतका बेतून केल्यासारखा वाटणारा हा अल्बम, त्यातली गाणी लावलीत इंग्रजी अकारविल्हे क्रमाने. तरी शेवटचं गाणं शेवटीच यायला हवं होतं असं वाटतं. योगायोग म्हणा, नाहीतर बँडचा चावटपणा.

पायरी ८: शब्द सगळ्यात शेवटी, चरित्र त्याच्याही नंतर

तिसऱ्या-चौथ्या फेरीला शब्द उघडा. इंग्रजी सगळं नाही कळलं तरी घाबरू नका, इंग्रजांनाही यॉर्कचं सगळं कळत नाही. उतारवयातल्या रॉक गाण्यात विषय बदललेले दिसतील. 'मी' कमी होतो. आई-बाप, मुलं, गेलेली माणसं, शहर, पैसा हे येऊ लागतं. प्रश्न विचारले जातात आणि उत्तराची घाई नसते.

चरित्राचा मोह मात्र लांबणीवर टाका. २०१५मध्ये यॉर्क आणि त्याची जोडीदार तेवीस वर्षांनी वेगळे झाले, हे जाहीर झालेलं आहे. ते कळलं की प्रत्येक ओळ तिथेच नेऊन बांधावीशी वाटते. पण आत्ताच पाहिलं, यातली किती गाणी त्याच्या कितीतरी आधीची. चरित्र वाचून गाणं उलगडल्याचा जो आनंद होतो, तो बराचसा फुकटचा असतो.

पायरी ९: घराबाहेर

इथे मुंबई जरा निराश करते. रेकॉर्ड बघत, दुकानदाराशी बोलत तास घालवायची काळा घोड्याची रिदम हाऊस २०१६मध्ये बंद झाली. १९८६पासून धोबी तलावच्या रंगभवनात आय-रॉक हे रॉक बँडचं संमेलन भरायचं, तिथे या शहराने रॉक उघड्यावर ऐकलं. आजूबाजूला कॉलेजं आणि इस्पितळं असल्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले कार्यक्रम थांबले. पुढे लोअर परळचं ब्लू फ्रॉग हे लाइव्ह संगीताचं ठिकाणही २०१६मध्ये गेलं.

जे उरलंय त्यातलं कामाचं सांगतो. माहीमला 'द रिव्हॉल्व्हर क्लब' हे रेकॉर्डचं दुकान आहे. तिथे नव्या एलपी मिळतात आणि बोलायला माणसं भेटतात. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच मावतात, त्यामुळे उठून बाजू बदलावी लागते. लांब, शांत अल्बमला ही सक्तीची विश्रांती फार मानवते. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला जुन्या रेकॉर्ड मिळतात, पण नव्वदनंतरच्या अल्बमची आशा धरू नका, तेव्हा आपल्याकडे कॅसेटचं राज्य होतं. तरुणपणचा एखादा अल्बम मात्र सापडू शकतो. घेताना तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा, वाकलेली असेल तर लगेच कळतं. मग उजेडात तिरपी करून चरे बघा. नखाला लागतो तो चरा सुईलाही लागणार. भाव अर्ध्यापासून सुरू करा.

मोठ्या कार्यक्रमाला जाणार असाल तर अपेक्षा बेताची ठेवा. यूटू हा आयर्लंडचा बँड. ते १५ डिसेंबर २०१९ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले ते 'द जोशुआ ट्री' या १९८७च्या अल्बमचा दौरा घेऊन. लोकांनी त्याचेच पैसे मोजलेले असतात. अशा ठिकाणी नव्या अल्बमचं गाणं लागलं की निम्मी गर्दी बिअरच्या रांगेत जाते. तुम्ही जाऊ नका. त्या चार मिनिटांत बँड स्वतःसाठी वाजवत असतो, आणि पुढे सरकायला जागाही मिळते. परत यायची शेवटची हार्बर लोकल किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा, कार्यक्रम संपल्यावर नेरुळला रिक्षा मिळत नाही.

पायरी १०: नाही जमलं तर

चार फेऱ्या झाल्या, कागद भरला, 'ट्रू लव्ह वेट्स' दोन्हीकडून ऐकलं, तरी मन लागत नसेल तर अल्बम बाजूला ठेवा. उगाच भक्तिभाव आणू नका. उशिराचे सगळेच अल्बम मुरलेले नसतात. काही नुसते थकलेले असतात, आणि परिपक्व हा शब्द थकव्यावर पांघरूण घालायलाही वापरतात. फरक ओळखायची माझी एक ढोबळ खूण आहे. मुरलेल्या अल्बममध्ये जिथे काही वाजत नाही तिथेही पुढे काय येणार याची ओढ राहते. थकलेल्यात ती जागा नुसती रिकामी असते, आणि भरायला मग पाहुणे गायक, लहान मुलांचा कोरस, नाहीतर जुन्याच हिट गाण्याची आठवण करून देणारी गिटार आणावी लागते. ही खूण 'द डिव्हिजन बेल'ला लावून बघा. काही गाणी पास होतील, काहींच्या बाबतीत तुम्ही मान खाजवाल.

जमलं, तर आता मधले अल्बम घ्या, पण उलट्या क्रमाने. रेडिओहेडचे २०११, २००७, २००३ असे मागे मागे जात २०००च्या 'किड ए'पर्यंत या. गिटार खाली ठेवायला सुरुवात नेमकी कुठे झाली ते तिथे सापडेल. 'इव्हॉल्व्ह'वाल्यांना मधले अल्बमच नाहीत, सतरा वर्षांची गॅप आहे. त्यांनी उदय बेनेगल मधल्या काळात न्यू यॉर्कला असताना काय करत होता ते शोधावं. 'आम्स फॉर शांती' या त्याच्या तिथल्या बँडच्या नावाने सुरुवात करा.